हातावरचे जांभळे डाग आणि न्यू जर्सीहून आलेली ट्यूब

प्रश्न: माझं वय ५२, राहणार नाशिक. आईचं वय ७८. तिच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, काही लागलेलं नसताना जांभळे डाग उठतात. हृदयाच्या त्रासासाठी ती रक्त पातळ करणारी गोळी घेते. माझ्या गालांवर आणि नाकाच्या कडेला बारीक लाल रेषा दिसायला लागल्या आहेत. चार वर्षांपासून पार्लरमध्ये सुचवलेली उजळपणाची क्रीम रात्री लावते, बाकी काही नाही. मांड्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या निळ्या शिरा आहेत. लेकीने न्यू जर्सीहून व्हिटॅमिन के, व्हिटॅमिन सी आणि रेटिनॉल असलेली क्रीम पाठवली आहे. जर्मनीतला भाचा म्हणतो, व्हिटॅमिन केच्या क्रीमवर तिकडे बंदी आहे. आम्ही दोघींनी ती लावावी का?

उत्तर:

ताई, आधी थेट उत्तर देते. आईंच्या हातांवर ती ट्यूब लावली तर बहुधा नुकसान नाही, पण फायदाही नखाएवढाच. तुमच्या गालावरच्या रेषा तिने जाणार नाहीत, मांडीवरच्या तर नाहीच नाही. लेक आणि भाचा दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आणि "बाकी काही नाही" म्हणत तुम्ही जी उजळपणाची क्रीम एका वाक्यात उरकलीत, तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. पण ते जरा नंतर, कारण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी.

आईंचे डाग आणि तुमच्या रेषा हे दोन वेगळे प्रकार आहेत. आईंच्या हातावर दिसतं ते शिरेतून बाहेर सांडलेलं रक्त. तुमच्या गालावर दिसतं ते शिरेच्या आतच वाहणारं रक्त, फक्त शीर रुंदावलेली आणि वरची त्वचा पातळ झालेली. घरी ओळखायचं असेल तर काचेचा पारदर्शक ग्लास त्या जागेवर दाबून काचेतून पाहा. दाबल्यावर लाली पुसली गेली आणि ग्लास उचलताच परत आली, तर रक्त शिरेतच आहे. दाबूनही रंग तसाच राहिला, तर ते बाहेर सांडलंय. बाजारातल्या बऱ्याच क्रीम या दोन्हींवर एकच औषध असल्यासारखं लिहितात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सांडलेल्या रक्ताचं काय होतं ते बघा. मुका मार लागला की त्वचेखालच्या बारीक केशवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूला साकळतं. सुरुवातीला लालसर, एक-दोन दिवसांत काळंनिळं. मग शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी तिथे येतात आणि लाल रक्तपेशींतलं हिमोग्लोबिन तोडायला लागतात. त्यातून आधी हिरवट रंगाचं बिलिव्हर्डिन तयार होतं, मग पिवळं बिलिरुबिन (काविळीत डोळे पिवळे करतं तेच). लोह उरतं ते कधी कधी तपकिरी डाग होऊन महिनोन्महिने रेंगाळतं. साधा मार दोनेक आठवड्यांत निवळतो, पायावरचा थोडा जास्त वेळ घेतो. आपल्या सावळ्या कातडीवर हिरवा-पिवळा टप्पा नीट दिसत नाही, म्हणून पुष्कळांना वाटतं की काळं पडलं ते एकदम गेलं.

हे सगळं शरीर आपणहून करतं, आणि म्हणूनच काळ्यानिळ्या डागावर लावलेल्या प्रत्येक औषधाला श्रेय मिळतं. आमच्या आजीने आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लावलं, आठ दिवसांत उतरलं. शेजारणीने तुरटीच्या पाण्याने शेकलं, आठ दिवसांत उतरलं. अमेरिकेहून आलेली पन्नास डॉलरची ट्यूब लावली तरी आठच दिवसांत उतरेल. आंबेहळदीची थट्टा करायचा माझा हेतू नाही, तो थंडगार लेप ठणका कमी करतो हे मीही लहानपणी अनुभवलंय. फक्त लेपाच्या पिवळ्या रंगाखाली खालचा डाग वाढतोय की उतरतोय ते कळत नाही, एवढंच माझं म्हणणं. शिरेतल्या रक्ताचं मात्र उलटं असतं. रुंदावलेली शीर आपोआप मिटत नाही, त्यामुळे तिथे क्रीमचं पितळ लगेच उघडं पडतं.

आता व्हिटॅमिन के. हे नाव आलं डेन्मार्कमधून. १९२९ च्या सुमारास कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम कोंबडीच्या पिल्लांना स्निग्ध पदार्थ काढून टाकलेला आहार देत होते आणि पिल्लं कातडीखाली रक्तस्राव होऊन मरायला लागली. आहारात नसलेला जो घटक रक्त गोठवायला लागतो, त्याला त्यांनी 'कोआगुलेशन' या शब्दातलं पहिलं अक्षर दिलं. त्या शब्दाचं स्पेलिंग डॅनिश आणि जर्मनमध्ये 'के'ने सुरू होतं. अमेरिकेच्या एडवर्ड डॉइझींबरोबर त्यांना या कामासाठी १९४३ चं नोबेल मिळालं. व्हिटॅमिन केचं मुख्य काम यकृतात चालतं. रक्त गोठवणारी दोन, सात, नऊ आणि दहा क्रमांकाची प्रथिनं तिथे बनतात, ती कामाला लायक व्हायला हे व्हिटॅमिन लागतं. जन्मल्यावर बाळाच्या मांडीत जे के व्हिटॅमिनचं इंजेक्शन देतात, ते याचसाठी.

मग हेच व्हिटॅमिन हातावर चोळलं तर काय व्हावं? जरा विचार करा. ज्या डागावर आपण क्रीम लावतोय, तिथलं रक्त आधीच सांडून, साकळून बसलंय. त्याला आता गोठवायचं नाही, उचलायचं आहे. उचलायचं काम सफाई करणाऱ्या पेशींचं, यकृताचं नाही. तिथे व्हिटॅमिन के नेमकी काय मदत करतं, हे अजून कोणी समाधानकारक सांगितलेलं नाही. कारण कळलं नाही म्हणजे परिणामच नाही असंही नसतं, म्हणून प्रयोग बघायचे.

प्रयोग झालेत, पण छोटे. चेहऱ्यावरच्या शिरांसाठी एका जातीचा लेझर मारल्यावर मुद्दाम मार दिल्यासारखे जांभळे डाग उठतात, त्यामुळे संशोधकांना ते सोयीचे पडतात. दिवस ठरलेला, आकार सारखा, चेहऱ्याच्या एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला साधी क्रीम लावता येते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात २२ जण होते. लेझरच्या आधी दोन आठवडे व्हिटॅमिन के लावून काही फरक पडला नाही, नंतर लावलेल्यांच्या चेहऱ्याची ती बाजू पहिल्या काही दिवसांत थोडी कमी जांभळी दिसली. २०१० मध्ये १६ जणांवर दुसरा प्रयोग झाला. त्यात १ टक्का व्हिटॅमिन के आणि ०.३ टक्के रेटिनॉलचं मिश्रण, नुसतं ५ टक्के व्हिटॅमिन के, अर्निका नावाच्या वनस्पतीचं २० टक्के मलम आणि साधं पांढरं पेट्रोलियम जेली हे चारही एकमेकांसमोर उभे केले. अर्निका साध्या जेलीपेक्षा आणि के-रेटिनॉलच्या मिश्रणापेक्षा सरस ठरलं, ५ टक्के केपेक्षा मात्र ठरलं नाही. (अर्निका म्हटलं की आपल्याकडे साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या आठवतात. ते हे नव्हे. इथे खरंखुरं २० टक्क्यांचं मलम होतं.) तुमच्या लेकीने पाठवलेली ट्यूब के-रेटिनॉलच्याच जातकुळीची आहे.

एवढ्यावरून मी जे म्हणू शकते ते इतकंच: ताज्या डागावर, लागल्या दिवसापासून, दिवसातून दोनदा व्हिटॅमिन के लावलं तर डाग एखाद-दोन दिवस लवकर फिका होऊ शकतो. आणि हे निरोगी त्वचेच्या माणसांत पाहिलेलं आहे. ७८ वर्षांच्या कातडीवर तेच होईल असं धरून चालायचं कारण नाही.

भाच्याचं म्हणणं. युरोपीय संघाने २००९ मध्ये व्हिटॅमिन के१, म्हणजे फायटोनाडायोन, सौंदर्यप्रसाधनांत वापरायला मनाई केली. क्रीम विषारी म्हणून नव्हे. काही जणांना तिची अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा ती झाली की पुढे जिवावरच्या प्रसंगी व्हिटॅमिन केचं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर अडचण होऊ शकते. सुरकुत्या-डागांच्या हौसेपायी एका जीवनरक्षक औषधाची वाट का अडवायची, असा तो विचार होता. मला तो पटतो. त्यानंतर कंपन्यांनी 'व्हिटॅमिन के ऑक्साइड' नावाचा भाऊबंद आणला, त्याचीही अ‍ॅलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेत ही मनाई नाही, म्हणून लेकीला दुकानात सहज मिळाली. तुमच्या आई हृदयाच्या रुग्ण आहेत, त्यांच्या बाबतीत हा मुद्दा तुमच्यापेक्षा जास्त लागू पडतो, कारण रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांचा उतारा म्हणून व्हिटॅमिन केच द्यावं लागतं.

म्हणून आईंच्या गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा. ते लिहायचं राहिलंय. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर त्यांचा व्हिटॅमिन केशी संबंध नाही, त्या प्लेटलेट्सवर काम करतात. एसिट्रॉम किंवा वॉर्फरिन असेल तर त्या थेट व्हिटॅमिन केच्याच विरोधात काम करतात, आणि त्यासाठी वेळोवेळी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासतात. हातावर लावलेल्या क्रीमने आयएनआर बदललेला मी पाहिलेला नाही, तरी ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांना सांगितल्याशिवाय लावू नका. खरी गडबड पोटातून होते. कुणीतरी "पालेभाजी बंद" सांगतं, मग महिनाभर पालक-मेथी बंद, मग श्रावणात रोज माठ आणि शेपू. आयएनआर वर-खाली नाचतो. पालेभाजी खायची, फक्त दर आठवड्याला साधारण सारखीच. आणि आयएनआर शेवटचा कधी केला ते बघा. नवे जांभळे डाग अचानक वाढले असतील तर हा प्रश्न क्रीमच्या कितीतरी आधी येतो.

गोळी मनाने बंद मात्र करू नका. डाग दिसतात म्हणून गोळी सोडली आणि पंधरा दिवसांत अर्धांगवायू घेऊन आले, असे रुग्ण आम्ही सगळ्यांनीच पाहिलेत.

आईंचे डाग नेमके काय आहेत? तुम्ही वर्णन केलंय त्यावरून, दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजूला, न लागता, कडा स्पष्ट असलेले जांभळे पट्टे, हे म्हातारपणातलं पर्प्युरा वाटतं. लंडनच्या थॉमस बेटमन यांनी त्याचं वर्णन १८१८ मध्येच केलं होतं, आजही त्याला त्यांचं नाव आहे. यात रक्ताचा दोष नसतो, दोष असतो पलंगाच्या गादीचा. म्हणजे असं की, शिरांभोवती कोलॅजनची, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाची, एक गादी असते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि वयाने ती झिजते. मग बांगडी घासली, पिशवीचा पट्टा ओढला, कोणी हात धरून उठवलं, एवढ्यानेही शीर फाटते. आपल्या लक्षातही राहत नाही की काही लागलं होतं. हे डाग मुक्या मारासारखे हिरवे-पिवळे होत नाहीत, जांभळ्यावरून तपकिरीवर जातात, आणि तपकिरी उरतात.

या गादीवर कशाचा काही उपयोग होतो का, तर थोडा होतो, आणि व्हिटॅमिनच्या क्रीमबद्दल मनापासून चांगलं बोलावं अशी जागा मला हीच एक सापडते. 'ए' गटातलं ट्रेटिनॉइन महिनोन्महिने लावलं तर उन्हाने झिजलेल्या त्वचेत नवं कोलॅजन तयार होतं, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. पण ते जळजळ करतं, आणि पातळ हातांवर नीट सुरू केलं नाही तर सालटं निघतात. ७८ व्या वर्षी मी ते क्वचित देते. रेटिनॉल त्याचा सौम्य धाकटा भाऊ, सौम्य म्हणजे परिणामालाही. व्हिटॅमिन सी कोलॅजन बांधायला लागतंच, त्याच्याशिवाय कोलॅजनचे धागे पक्के होत नाहीत. लावायचं सी म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक आम्ल, १० ते २० टक्के, आणि भरपूर आम्लधर्मी असेल तरच ते आत शिरतं. हवा-उजेडाने ते लवकर खराब होतं. बाटली उघडून दोन महिन्यांनी आतलं द्रव गुळाच्या पाकासारखं दिसायला लागलं तर ते चेहऱ्याला लावू नका.

पण सी पोटातून मिळतंय का, हे आधी बघा. एकटी राहणारी किंवा दातांचा त्रास असलेली म्हातारी माणसं चहा-टोस्टवर दिवस काढतात. व्हिटॅमिन सीची खरी कमतरता, जिला खलाशांचा रोग म्हणायचे, ती अजून अधूनमधून दिसते. केसांच्या मुळाशी लाल ठिपके, बुचाच्या स्क्रूसारखे पिळलेले केस, हिरड्यांतून रक्त. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी जहाजावरच्या खलाशांना संत्री-लिंबं देऊन बरं केलं ते याच रोगातून. अशा माणसाच्या हातावर कितीही सीरम ओता, उपयोग शून्य. एक मध्यम पेरू किंवा एखादा आवळा रोज खाल्ला तर दिवसाची गरज भागून उरते. पेरू चावत नसेल तर किसून द्या, वरून लिंबू पिळा.

अजून दोन गोष्टी विचारल्याशिवाय राहवत नाही. आईंना दमा आहे का, आणि त्या फवाऱ्याचं किंवा गोळ्यांचं स्टेरॉइड घेतात का? आणि गुडघेदुखीसाठी कुठून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्या किंवा काळ्या गोळ्या घेतात का? "आयुर्वेदिक आहे, एका दिवसात उठून चालायला लागल्या" असं कोणी सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइड त्वचेचं कोलॅजन झिजवतं आणि मग हात असेच जांभळे व्हायला लागतात. अशा गोळ्या खूप दिवस घेतल्या असतील तर त्याही एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टरांना दाखवून कमी करायच्या असतात.

हे सगळं हातांपुरतं. डाग पाठ, पोट, पाय असे सगळीकडे असतील, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके झुंडीने उठत असतील, नाक-हिरड्यांतून रक्त येत असेल, वजन उतरत असेल किंवा ताप असेल, तर क्रीमचा विषयच नाही, त्याच दिवशी रक्त तपासा. पावसाळ्यात नाशिक-पुण्याकडे डेंग्यूची साथ असते. ताप आणि ठिपके एकत्र दिसले तर मनाने कॉम्बिफ्लॅम किंवा ॲस्पिरिन देऊ नका, पॅरासिटामॉल द्या आणि प्लेटलेट्स बघा. आणखी एक, नाजूक आहे पण सांगते: वृद्ध माणसाच्या दंडाच्या आतल्या बाजूला, मानेवर, पाठीवर डाग असतील आणि ते कसे उठले हे सांगताना माणूस घुटमळत असेल, तर बाकी सगळे खोलीबाहेर गेल्यावर मी तो प्रश्न पुन्हा विचारते.

आता तुमच्या गालाकडे येते.

चार वर्षं, रोज रात्री, पार्लरमध्ये सुचवलेली उजळपणाची क्रीम. ट्यूबवर बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतील, चष्मा लावून वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव दिसलं तर ती स्टेरॉइडची क्रीम आहे. त्यात बऱ्याचदा रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही मिसळलेलं असतं. नावच नसेल, छोट्या डबीत नुसतीच पांढरी क्रीम असेल, तर मला त्याची जास्त भीती वाटते. स्टेरॉइडने चेहरा पहिल्या पंधरा दिवसांत खरोखर उजळ आणि गुळगुळीत दिसतो, म्हणून तर ती खपते. महिने उलटले की त्वचा कागदासारखी पातळ होते, शिरा रुंदावतात, उन्हात किंवा चुलीजवळ गाल पेटतात, हनुवटीवर बारीक केस येतात, पुटकुळ्या उठतात. या चेहऱ्याला भारतातल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळं नाव दिलंय, आम्ही एकमेकांत 'टीएसडीएफ' म्हणतो, म्हणजे स्टेरॉइडने बिघडलेला आणि स्टेरॉइडवर अवलंबून झालेला चेहरा. आमच्या संघटनेने बरीच वर्षं पाठपुरावा केला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा प्रकारची लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर. माझ्या ओपीडीत मात्र आजही आठवड्याला असे चेहरे येतात, आणि "कुठून आणलीत?" विचारलं की उत्तर तेच: वहिनीने सांगितली, दुकानात सहज मिळाली.

तुमच्या लाल रेषा याच्याच असतील असं मी न बघता म्हणणार नाही. उन्हानेही होतात, रोझेशियात, म्हणजे गाल-नाक लाल राहण्याच्या विकारातही होतात, काही घराण्यांत असतातच. पण चार वर्षं म्हटल्यावर माझा पहिला संशय त्या क्रीमवर आहे. आणि तसं असेल तर त्यावर व्हिटॅमिन केची ट्यूब लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

ती क्रीम उद्यापासून फेकून द्या असंही मात्र म्हणत नाही. स्टेरॉइड एकदम थांबवलं की चेहरा सूड उगवल्यासारखा लाल होतो, आग होते, पुटकुळ्यांचं पीक येतं, आणि बाई घाबरून परत तीच क्रीम लावते. गेली चार वर्षं ती अशीच चालली असेल, कल्पना करा. त्वचारोगतज्ज्ञ तुमची क्रीम बघून ठरवतील: हळूहळू कमी करायची की थांबवून वर दुसरं औषध द्यायचं. त्या काळात चेहऱ्याला साधा, बिनवासाचा मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी काही नाही. रेटिनॉल आणि व्हिटॅमिन सीचं आम्ल तर अशा चेहऱ्यावर अजिबात नाही, ती तुमची न्यू जर्सीची ट्यूब आत्ता गालावर लावलीत तर गाल पेटतील. नंतर, त्वचा शांत झाल्यावर, नायासिनामाइड म्हणजे बी-३ हे चार-पाच टक्क्यांत लावायला हरकत नाही. त्वचेचं वरचं आवरण ते बळकट करतं आणि लाली थोडी कमी दिसते. रेषा मात्र त्यानेही जात नाहीत.

का जात नाहीत? कारण ती शीर पाव-अर्धा मिलिमीटर रुंद झालेली एक नळी आहे, त्वचेच्या आतल्या थरात. तिला बंद करायचं तर आतून जाळावं लागतं किंवा आतून चिकटवावं लागतं. चेहऱ्यावर ते लेझरने करतात. लेझरचा प्रकाश रक्तातला लाल रंग शोषतो, तापतो, शीर मिटते. आपल्या सावळ्या त्वचेत मात्र तोच प्रकाश वरचं मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्यही शोषू शकतं आणि काळा डाग पडू शकतो. म्हणून ५३२ किंवा ५९५ नॅनोमीटरचा लेझर आपल्याकडे जपून वापरतात, आणि बऱ्याचदा १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग निवडतात. तो खोल जातो, मेलॅनिनला कमी छेडतो, पण हात सरावलेला लागतो. तीन-चार बैठका लागतात. "एका बैठकीत गॅरंटी" म्हणणाऱ्याकडून उठून या. आणि क्रीम पूर्ण सुटून त्वचा निवळेपर्यंत लेझर करू नका, कारण क्रीम थांबल्यावर काही महिन्यांत बारीक रेषा पुष्कळदा आपोआप फिक्या होतात. परदेशात शिरा काही तास आकसवणारी ब्रिमोनिडीन आणि ऑक्सिमेटाझोलिनची औषधं मिळतात. लग्नाच्या दिवशी एकदा वगैरे ठीक, पण उतरताना लाली दुप्पट येऊ शकते. आणि ती व्हिटॅमिनं नव्हेत.

मांड्यांच्या शिरांबद्दल थोडक्यात. त्या निळ्या जाळ्यावर क्रीमचा काहीही परिणाम होत नाही. पाय दुखत-सुजत नसतील तर त्या फक्त दिसण्यापुरत्या. संध्याकाळी पाय जड होत असतील, घोट्याजवळची त्वचा काळी पडत असेल किंवा पोटरीवर फुगीर शीर असेल, तर उभं राहून डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करून घ्या, शिरांच्या झडपा गळतात का ते त्यात कळतं. नुसत्या जाळ्यासाठी बारीक सुईने पॉलिडोकॅनॉलसारखं औषध शिरेत सोडतात, शीर आतून चिकटते. गंमत म्हणजे त्याने सुरुवातीला जांभळे डागच उठतात, आणि आपल्या त्वचेवर ते तपकिरी होऊन काही महिने राहू शकतात. हे आधी सांगणारा डॉक्टर निवडा.

व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल सुईने टोचून डागावर लावायची सवय असेल तर तीही सोडा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा जणांच्या ऑपरेशनच्या व्रणांवर ती लावून पाहिली. बहुतेकांत काही फरक पडला नाही किंवा व्रण आणखी वाईट दिसला, आणि तिसऱ्या हिश्श्याला खाजरी अ‍ॅलर्जी झाली.

रक्त गोठू न देणाऱ्या हिपॅरिनचं मलम, म्हणजे औषधांच्या दुकानात थ्रॉम्बोफॉब नावाने मिळतं ते, मुक्या मारावर सर्रास देतात. त्यात हिपॅरिनबरोबर बेन्झिल निकोटिनेट असतं, बी-३ च्याच नात्यातलं. त्याने जागा गरम आणि लाल होते. अखंड, जाड त्वचेवर चालतं. तुमच्या गालावर नको, आणि आईंच्या सोललेल्या हातावर तर मुळीच नको.

म्हणजे आईंसाठी काय? नवा डाग उठला की पहिल्या दिवशी कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, दोन-तीनदा. तेल लावून चोळणं बंद, चोळल्याने आणखी शिरा फाटतात. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच सकाळ-संध्याकाळ दाट मॉइश्चरायझर, हातांवर न विसरता. अंगणात पापड-कुरडया वाळवायला बसल्या तरी पूर्ण बाह्या. नखं कापलेली, काचेच्या बांगड्यांऐवजी गुळगुळीत पाटल्या. सलाईन किंवा रक्त तपासणीनंतर चिकटपट्टी लावू देऊ नका, ओढून काढताना त्वचा सोबत येते. कापसाचा बोळा पाच मिनिटं दाबून धरायला सांगा, गोळी चालू असेल तर दहा.

आणि ट्यूब वापरायचीच असेल, लेकीने प्रेमाने पाठवली आहे हे मलाही कळतं, तर तुम्ही आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठ दिवस लावून बघा. खाज किंवा लाली आली तर तिथेच थांबा. काही झालं नाही तर तुमच्या मांडीवर पुढे कधी मुका मार लागला की लावा, तेव्हा ती थोडीफार कामाला येईल. आईंना लावण्याआधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. त्यांच्या हातांसाठी माझा भरवसा दुसऱ्याच वस्तूवर आहे: तुमच्या घरातला जुना, सैल, सुती लांब मोजा घ्या, पुढचा पंजा कापून टाका, आणि मनगटापासून कोपरापर्यंत चढवा. माझ्या एका वृद्ध रुग्णेने रोज भांडी आवरताना तो घालायला सुरुवात केली, आणि पुढच्या वेळी आल्या तेव्हा डाग निम्म्यावर आले होते.